आज जगभर स्कूबा डायव्हिंग होतं ते या माणसामुळे, पण तो स्वतः गोड्या पाण्याच्या एका झऱ्यात मरता मरता वाचला होता

मालवण-तारकर्लीला गेलं की एक फोटो ठरलेला असतो. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, पाठीवर सिलिंडर आणि आजूबाजूला रंगीत मासे. इन्स्टाग्रामवर असे हजारो फोटो सापडतील. पाण्याखाली वीस-पंचवीस मिनिटं आरामात श्वास घ्यायचा आणि हसत हसत वर यायचं, इतकं ते आता सोपं झालंय.

पण तोंडातली ती नळी हवी तेव्हाच आणि हवी तेवढीच हवा कशी देते, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. हे तंत्र ज्या दोन माणसांनी कामाला लावलं, त्यातलं एक नाव म्हणजे जाक कुस्तो. फ्रेंच नौदलातला अधिकारी, लाल टोपीवाला दर्यावर्दी, समुद्राखालची दुनिया घराघरातल्या टीव्हीवर आणणारा माणूस.

कुस्तो जगाला माहीत आहेत ते समुद्रासाठी. पण त्यांचं आयुष्य नीट बघितलं तर लक्षात येतं की त्यातली मोठी वळणं समुद्रात आलीच नाहीत. ती आली तळ्यात, नदीत आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका नितळ झऱ्यात.

तळ्यातल्या फांद्या काढणारा पोरगा

जाक-ईव्ह कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० चा. गाव सेंत-आंद्रे-द-कुबझाक, फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळ. वडील श्रीमंत अमेरिकन माणसांकडे खासगी सचिव म्हणून काम करायचे. त्यामुळे कुटुंबाची सतत फिरती. पोरगा लहानपणी अशक्त आणि सारखा आजारी असायचा. डॉक्टरांनी दगदग करू नका असं बजावलेलं. तरी तो पोहायला शिकला.

१९२० च्या सुमारास कुटुंब काही काळ न्यूयॉर्कला राहायला गेलं. तिथून त्याला व्हरमाँट राज्यातल्या एका उन्हाळी शिबिरात पाठवलं. शिबिर तळ्याकाठी होतं. पाण्यात सूर मारायच्या फळीखाली झाडांच्या मेलेल्या फांद्या साचल्या होत्या. त्या काढायचं काम या दहा वर्षांच्या पोराला मिळालं. ना चष्मा, ना नळी. श्वास रोखायचा, गढूळ पाण्यात खाली जायचं, हाताला लागेल ती फांदी ओढायची आणि वर यायचं. कुस्तो यांची पाण्याखालची पहिली शाळा ही अशी होती.

दुसरं वेड कॅमेऱ्याचं. तेराव्या वर्षी पैसे साठवून त्याने एक छोटा फिल्म कॅमेरा घेतला. आधी तो खोलून परत जोडला, मग त्यावर घरच्या घरी सिनेमे काढले. शाळेत मात्र लक्ष नव्हतं. खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून शाळेतून काढूनही टाकलं. शेवटी कडक शिस्तीच्या वसतिगृहात रवानगी झाल्यावर गाडी रुळावर आली आणि १९३० मध्ये त्याला नौदलाच्या अकादमीत प्रवेश मिळाला.

एक अपघात आणि मोडलेले हात

कुस्तो यांना खरं तर वैमानिक व्हायचं होतं. नौदलाच्या हवाई शाखेत त्यांचं प्रशिक्षणही सुरू होतं. पण रात्रीच्या वेळी डोंगरातल्या रस्त्यावर मोटारीचा भीषण अपघात झाला. दोन्ही हात मोडले. एका हाताची अवस्था इतकी वाईट होती की डॉक्टर तो कापायच्या विचारात होते. कुस्तो यांनी नकार दिला. हात वाचला, विमान मात्र कायमचं सुटलं.

हातात ताकद यावी म्हणून ते तुलाँ बंदराजवळ रोज पोहायला लागले. तिथे त्यांचे वरिष्ठ सहकारी फिलिप ताये यांनी १९३६ मध्ये त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून डोकं पाण्याखाली घातलं आणि शेवाळ, मासे, खडक असं सगळं स्वच्छ दिसलं. गढूळ तळ्यात आंधळेपणाने फांद्या शोधणाऱ्या पोराला पहिल्यांदा पाण्याखाली डोळे मिळाले होते.

ताये आणि कुस्तो यांच्या जोडीला फ्रेडरिक द्युमा नावाचा पट्टीचा भालेबाज मासेमार आला. पुढे या तिघांची जोडगोळी जगप्रसिद्ध झाली. १९३७ मध्ये कुस्तो यांचं सिमोन मेल्किओर यांच्याशी लग्न झालं. हे लग्न स्कूबाच्या इतिहासात फार महत्त्वाचं आहे. कारण सिमोन यांचे वडील एर लिक्विद या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि या कंपनीचा धंदाच मुळी वायूंचा होता.

अडचण नेमकी काय होती?

पाण्याखाली श्वास घेणं अवघड का, हे आधी समजून घेऊ.

पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. लांब नळी पाण्याबाहेर ठेवून खाली श्वास घेता येत नाही, कारण छातीवरचा दाब फुफ्फुसं फुगूच देत नाही. फुफ्फुसात जाणाऱ्या हवेचा दाब आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाएवढाच असावा लागतो. माणूस खाली-वर झाला की हवेचा दाबही लगेच बदलायला हवा.

तेव्हा बुडी मारणाऱ्यांकडे जड पितळी शिरस्त्राण असायचं आणि वरून नळीतून हवा सोडली जायची. म्हणजे माणूस खाली, पण दोरी वरच्याच्या हातात. सिलिंडर पाठीवर घेऊन जायची सोयही निघाली होती, पण त्यातून हवा सतत वाहत राहायची आणि बघता बघता संपायची. कुस्तो यांनी शुद्ध ऑक्सिजनवर चालणारं उपकरणही वापरून पाहिलं. दोनदा पाण्याखाली झटके आले आणि दोन्ही वेळा ते थोडक्यात वाचले. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनच विषारी ठरतो, हा धडा त्यांनी स्वतःच्या जिवावर घेतला.

मोटारीचा सुटा भाग आणि मार्न नदी

१९४२ उजाडलं. फ्रान्सवर जर्मनीचा कब्जा, पेट्रोलची टंचाई. लोक मोटारी गॅसवर चालवायची धडपड करत होते. एर लिक्विदमधले इंजिनिअर एमिल गान्यां यांनी त्यासाठी एक झडप बनवली होती. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस ही झडप सोडायची.

सासऱ्यांच्या ओळखीने कुस्तो डिसेंबर १९४२ मध्ये गान्यां यांना भेटले. त्यांना काय हवंय ते ऐकल्यावर गान्यां यांनी ही झडप समोर ठेवली. इंजिनाच्या जागी माणसाची फुफ्फुसं धरली, तर गणित तेच होतं.

काही आठवड्यांत नमुना तयार झाला. जानेवारी १९४३ च्या थंडीत पॅरिसजवळच्या मार्न नदीत चाचणी झाली. कुस्तो आडवे पोहत होते तोवर ठीक चाललं. उभे राहिले की हवा भसाभसा वाया जायची. डोकं खाली केलं की श्वास ओढणंच कठीण व्हायचं.

परतीच्या वाटेवर दोघांनी डोकं लढवलं आणि कारण सापडलं. हवा बाहेर सोडणारं तोंड आणि हवा देणारी झडप यांच्यात काही इंचांचं अंतर होतं. शरीर उभं झालं की तेवढ्या अंतरातही पाण्याच्या दाबात फरक पडत होता. उपाय साधा होता. दोन्ही एकाच पातळीवर, शेजारी शेजारी बसवायचे. पॅरिसमध्येच पाण्याच्या टाकीत परत चाचणी झाली. उभं राहा, आडवं व्हा, उलटं लटका, हवा सारखीच मिळत होती.

जून १९४३ मध्ये बांदोल गावाच्या स्टेशनवर हे उपकरण रेल्वेने येऊन पोचलं आणि कुस्तो ते घेऊन समुद्रात उतरले. सिमोन वरून पोहत त्यांच्यावर नजर ठेवून होत्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी आणि साथीदारांनी शेकडो बुड्या मारल्या. या उपकरणाचं नाव ॲक्वा-लंग. आज तारकर्लीत वापरतात त्या रेग्युलेटरचं मूळ तत्त्व तेच आहे.

याच काळात कुस्तो यांच्या घरातच युद्धाची फाळणी झाली होती. त्यांचे थोरले भाऊ पिएर-आंत्वान जर्मनांना साथ देणाऱ्या वर्तमानपत्राचे संपादक होते. युद्धानंतर त्यांना मृत्युदंड ठोठावला गेला, तो पुढे कमी करण्यात आला. कुस्तो नौदलाचा गणवेश घालून भावाच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. त्याची किंमत नोकरीत मोजावी लागेल हे त्यांना माहीत होतं.

वोक्लूझचा झरा

फ्रान्सच्या दक्षिणेला वोक्लूझ नावाचं गाव आहे. उंच कड्याच्या पायथ्याशी एक गुहा आणि त्यात नितळ, हिरवट-निळं पाणी. आसपासच्या चुनखडीच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आणि बर्फाचं पाणी जमिनीत मुरतं आणि या एकाच तोंडातून बाहेर येतं. सॉर्ग नदी इथूनच सुरू होते. फ्रान्समधला हा सगळ्यात मोठा झरा. एरवी शांत असलेलं हे कुंड वर्षातून एकदा उफाळून वाहतं. का, हे कोडं होतं. १८७८ मध्ये एक पाणबुड्या २३ मीटरपर्यंत जाऊन आला होता. त्याखाली काय आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऑगस्ट १९४६ मध्ये कुस्तो, द्युमा, ताये आणि त्यांचा चमू इथे आला. दोर सांभाळायला वर थांबले मॉरिस फार्ग. किती झटक्यांचा अर्थ काय, ते ठरलं होतं. आधी कुस्तो आणि द्युमा उतरले. पाणी बर्फासारखं नाही, पण हाडं गोठवील एवढं थंड. वर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात थोडं आत गेलं की काळोख.

४६ मीटरवर पोचेपर्यंत काहीतरी बिनसलं. डोकं जड झालं, विचार तुटायला लागले. आपण इथे कशासाठी आलोय हेच कुस्तो यांना आठवेना. द्युमा तर जवळजवळ बेशुद्ध, तोंडातली नळी निसटलेली. कुस्तो यांनी जोडीदाराला धरून ठेवलं आणि दोराला धरून वर चढायला सुरुवात केली. वर फार्ग यांच्या हाताला ओढ जाणवली. त्यांना वाटलं, खालच्यांना आणखी दोर हवाय. त्यांनी दोर सैल सोडला. कुस्तो जेवढं चढायचे तेवढा दोर खाली यायचा. ते होते तिथेच.

अखेर फार्ग यांनी धोका ओळखला आणि दोर वर खेचायला लागले. दोघांना बाहेर काढलं. गावात तोवर एक पाणबुड्या बुडाल्याची अफवा पसरून सिमोन यांच्या कानापर्यंत गेली होती.

एवढं होऊनही दुसरी जोडी उतरली. तिचीही तीच गत झाली, तीही कशीबशी वर आली.

दोष झऱ्याचा नव्हता, खोलीचाही नव्हता. चमूने सिलिंडरमधली हवा तपासली आणि उत्तर मिळालं. हवा भरायच्या कॉम्प्रेसरने स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता. सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड गेला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आणि ४६ मीटरवर दाब साडेपाच पटींहून जास्त असतो, म्हणजे जमिनीवर जी मात्रा फक्त डोकं दुखवेल ती तिथे जीव घेऊ शकते.

आज कुठल्याही डायव्हिंग केंद्रावर कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या दिशेला ठेवतात. हा नियम पाळला नाही तर काय होतं, ते वोक्लूझने दाखवून दिलं.

त्या झऱ्याचा तळ कुस्तो यांना कधीच सापडला नाही. पुढे १९८५ मध्ये एक यंत्रमानव ३०८ मीटरवर जाऊन पोचला. तिथे माणूस जाणं तेव्हाच्या साधनांनी शक्यच नव्हतं.

ज्याने वाचवलं, त्याला वाचवता आलं नाही

वोक्लूझच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, साधी हवा घेऊन किती खोल जाता येतं ते बघायचं ठरलं. दोराला ठराविक अंतरावर पाट्या बांधल्या होत्या. पोचलेल्याने पाटीवर सही करून यायचं. मॉरिस फार्ग उतरले. खालून ठीक असल्याचे इशारे येत होते, मग ते थांबले. साथीदारांनी दोर खेचला. फार्ग वर आले ते नळी तोंडातून सुटलेल्या अवस्थेत. बराच वेळ प्रयत्न केले, पण ते शुद्धीवर आले नाहीत.

१२० मीटरवरच्या पाटीवर त्यांची सही होती.

एवढ्या खोलीवर हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो. माणसाला सगळं छान वाटायला लागतं आणि नेमकं तेव्हाच तो नळी काढून टाकू शकतो. ॲक्वा-लंग घालून मरण पावलेले फार्ग हे पहिले पाणबुडे मानले जातात. आदल्या वर्षी ज्याच्या हातांनी कुस्तो आणि द्युमा यांना ओढून बाहेर काढलं, तोच माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर गेला. हौशी डायव्हरला आज साधारण ४० मीटरच्या खाली जाऊ देत नाहीत, त्यामागे नायट्रोजनची ही भूल हे एक मोठं कारण आहे.

कॅलिप्सो, ऑस्कर आणि पश्चात्ताप

१९५० मध्ये एका ब्रिटिश धनिकाने सुरुंग काढायचं जुनं जहाज विकत घेऊन कुस्तो यांना वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने दिलं. हेच ते कॅलिप्सो. सिमोन यांनी आयुष्याचा मोठा भाग याच जहाजावर काढला. पडद्यावर त्या फारशा दिसल्या नाहीत, पण जहाज चालायचं ते त्यांच्या जिवावर.

१९५३ मध्ये कुस्तो आणि द्युमा यांचं पुस्तक आलं, 'द सायलेंट वर्ल्ड'. त्याच नावाच्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि मग ऑस्करही.

पण तोच चित्रपट आज बघवत नाही. मासे मोजायला प्रवाळात सुरुंग लावलेला दिसतो. जहाजाच्या पंख्यात सापडून देवमाशाचं पिल्लू जखमी होतं आणि त्याला खायला आलेल्या शार्कना चमूतले लोक मारतात. १९५४ मध्ये कॅलिप्सोने अबू धाबीजवळ तेल कंपनीसाठी समुद्रतळाची पाहणीही केली होती. जहाज चालवायला पैसा लागायचा आणि तो तिथून येत होता.

नंतरची चाळीस वर्षं कुस्तो याच सगळ्याच्या उलट दिशेने चालले. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकायच्या बेताला त्यांनी उघड विरोध केला. वर्षानुवर्षं त्याच जागी परत बुडी मारताना त्यांना दिसत होतं की आधी जिथे मासे होते तिथे आता काही नाही. १९७३ मध्ये त्यांनी सागररक्षणासाठी संस्था काढली. अंटार्क्टिकामध्ये खाणकाम होऊ नये म्हणून त्यांनी जगभरातून सह्या गोळा केल्या. १९९१ च्या करारात तिथल्या खाणकामावर बंदी आली.

सोनं शोधायला गेले, बेडूक सापडले

१९६८ मध्ये कुस्तो यांचा चमू टिटिकाका सरोवरावर गेला. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरचं हे गोड्या पाण्याचं प्रचंड सरोवर, उंची ३,८०० मीटरच्या वर. इन्का लोकांनी स्पॅनिशांपासून लपवून सोनं इथे टाकलं, अशी दंतकथा. एका माणसाच्या छोट्या पाणबुड्याही सोबत नेल्या. सोनं मिळालं नाही. मिळाले ते तळाशी राहणारे भलेमोठे बेडूक, जे सुरकुतलेल्या कातडीतून पाण्यातला ऑक्सिजन घेतात.

अशा उंचावरच्या जलाशयात डायव्हिंगचं गणितच बदलतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्केच असतो. समुद्रासाठी बनवलेल्या तक्त्याप्रमाणे वर आलं तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडू शकतो. शिवाय गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे कंबरेचं वजन कमी करावं लागतं. आणि पाणी फार नितळ असेल तर आपण किती खोल आलो याचा अंदाजच येत नाही.

शेवटचा घाव नदीतच

धाकटा मुलगा फिलिप वडिलांचा उजवा हात होता. वडिलांचं विमानाचं स्वप्न त्याने पूर्ण केलं होतं. २८ जून १९७९ ला लिस्बनजवळ तागुस नदीवर पाण्यावर उतरणारं विमान उतरवताना अपघात झाला आणि तो गेला. वय अवघं ३८. मुलाच्या जाण्याने कुस्तो खचले. तरी १९८२ मध्ये ते ॲमेझॉनवर गेले आणि नदी, जंगल, गुलाबी डॉल्फिन यांचं चित्रीकरण केलं. आता त्यांच्या बोलण्यात समुद्र आणि नदी वेगळे राहिले नव्हते. डोंगरातल्या पाण्यात जे टाकाल ते शेवटी समुद्रात येणार, हे ते सांगत राहिले.

१९९० मध्ये सिमोन गेल्या. १९९६ मध्ये सिंगापूरला एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडालं. २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी कुस्तो यांचं निधन झालं. ज्या गावात जन्मले त्याच गावात त्यांचं दफन झालं.

पुढच्या वेळी तारकर्लीत फोटो काढायला उतराल, तेव्हा तोंडातल्या नळीतून येणारा पहिला श्वास घेताना मार्न नदी आठवा. आणि प्रशिक्षक सिलिंडर तपासतो, हातवारे पुन्हा पुन्हा पाठ करून घेतो, तेव्हा कंटाळू नका. त्या प्रत्येक इशाऱ्यामागे वोक्लूझचा सैल सुटलेला दोर आहे आणि १२० मीटरवरची एक सही आहे.